'मार्सेलिस'ला जायचं आहे, पण मुलगा नको म्हणतो

पत्र

नमस्कार. आम्ही दोघं सांगलीचे. मी 63 वर्षांची, निवृत्त शिक्षिका. हे 68 चे. सप्टेंबरात मुलाकडे जर्मनीला जाणार आहोत. तिथून पॅरिस आणि मग चार दिवस मार्सेय, म्हणजे आपलं पुस्तकातलं 'मार्सेलिस', असा ह्यांचा बेत आहे. सावरकरांनी बोटीतून उडी टाकली ते बंदर एकदा डोळ्यांनी पाहायचं, हे ह्यांच्या मनात शाळेपासून आहे. मुलगा म्हणतो, युरोपातलं सगळ्यात धोकादायक शहर आहे ते, रोज गोळीबार होतात, त्यापेक्षा नीसला जा. मी यूट्यूबवर पाहिलं तर तसंच दिसलं. ह्यांचं म्हणणं, मुंबईत वीस वर्षं राहिलो, तिथे चार दिवस राहायला काय झालं! दोघांच्या मध्ये मी अडकले आहे. खरं काय मानायचं आणि ते ठरवायचं कसं? आणखी एक विचारते, हसू नका. गळ्यातलं घालून जावं का? चाळीस वर्षांत कधी काढलेलं नाही.

— सांगलीची एक वाचक

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी उत्तर देते, कारणं मागून. जा. मी मार्सेयला तीनदा गेले आहे, त्यातल्या एका खेपेला सत्तरीतली आई बरोबर होती. तुम्ही दोघांनी तिथे चार दिवस काढण्यात अविचार काही नाही. फक्त उतरायची जागा, पोहोचायची वेळ आणि गळ्यातलं सोनं या तीन बाबतींत मी हट्ट धरणार आहे. तेवढा माना.

तुमचा मुलगा खोटं बोलत नाही, हे त्याला आधी सांगून टाका. पुढचं बोलणं सोपं होईल. 2023 साली मार्सेयमध्ये अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या वैरात 49 माणसं मारली गेली. 'डीझेड माफिया' आणि 'योडा' या दोन टोळ्यांची नावं तेव्हा फ्रान्सभर झाली. पुढच्या वर्षी आकडा जवळपास निम्म्यावर आला, पण प्रकरण संपलं नाही. मरणारे आणि मारणारे दोन्हीकडे कोवळी पोरं असतात. ऑक्टोबर 2024 मध्ये भाड्याच्या गाडीच्या एका चालकाच्या खुनासाठी 14 वर्षांच्या मुलाला अटक झाली. त्याच्या आदल्या वर्षी आपल्या खोलीत असलेली 24 वर्षांची एक विद्यार्थिनी बाहेरून आलेल्या गोळीने गेली. तुम्ही शिक्षिका होतात, हे वाचून तुमच्या पोटात कालवेल हे मला माहीत आहे. माझ्याही कालवतं.

पण हे कुठे घडतं, कोणाच्या वाट्याला येतं, ते पाहिल्याशिवाय या आकड्यावरून तुमच्या चार दिवसांचा निर्णय करता येत नाही. मार्सेय पसरलेलं शहर आहे. 240 चौरस किलोमीटर, म्हणजे पॅरिसच्या दुप्पट, आणि वस्ती मात्र नऊ लाखांच्या आत. त्याचे 16 विभाग आहेत. टोळ्यांचं बहुतेक वैर उत्तरेकडच्या 13 ते 16 या विभागांत आणि शहराच्या मध्याला लागून असलेल्या तिसऱ्या विभागात चालतं. उत्तरेला साठ-सत्तरच्या दशकांत बांधलेल्या उंच इमारतींच्या वसाहती आहेत. इमारतीच्या तळाशी मालविक्रीची जागा, कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसलेला पहारेकरी पोरगा, आणि पोलिसांची गाडी दिसली की त्याची 'आरा!' अशी आरोळी. त्या जागेचा ताबा कोणाकडे, यावरून खून पडतात. तिथे संग्रहालय नाही, बंदर नाही, देऊळ नाही. पर्यटकाला तिथे जायचं कारणच नसतं. आणि 'बघू तरी कसं असतं' म्हणून कोणी जाऊही नये. तिथे बसचे चालक, दवाखान्यातल्या आया, सफाई कामगार आपली घरं करून राहतात. त्यांचं दुःख हे काही पाहायचं स्थळ नव्हे. खरा धोका रोज ती माणसं झेलतात.

तुमचे यजमान मुंबईत राहिले आहेत, म्हणजे त्यांना नव्वदचं दशक आठवत असेल. टोळीयुद्ध, चकमकी, भर दिवसा गोळ्या घातल्याच्या पहिल्या पानावरच्या बातम्या. त्याच काळात दादरला फुलबाजार भरत होता, गिरगावात गणपती येत होते, तुमचे हे सकाळची लोकल पकडत होते. बातम्या खऱ्या होत्या आणि लोकलही खरी होती. पण एक सांगते, 'मुंबईत राहिलो' हे त्यांचं वाक्य मला अर्धंच पटतं. मुंबईत त्यांना कोणती गल्ली कितीनंतर टाळायची हे अंगात मुरलेलं होतं. मार्सेयमध्ये ते परके असतील, आणि ते मुरलेलं शहाणपण तिकीट काढताना बरोबर येत नाही. ते आधी घरी बसून गोळा करावं लागतं.

'युरोपातलं सगळ्यात धोकादायक शहर' हे वाक्य कुठून येतं तेही पाहा. अशा याद्या दरवर्षी फिरतात, आणि त्यातली सगळ्यात फिरणारी नुम्बेओ या संकेतस्थळाची असते. ती पोलिसांच्या नोंदींवर बेतलेली नसते. संकेतस्थळावर येणारे लोक प्रश्नावली भरतात, तुम्हाला रात्री एकट्याने चालताना कसं वाटतं वगैरे, त्यावरून ती बनते. म्हणजे भीतीची मोजणी. भीती ही खरी गोष्ट आहे, पण बातम्या वाचून ती वाढते, आणि वाढलेली भीती पुन्हा बातमी होते. दुसरीकडे फ्रान्सचं गृहखातं गावागावांचे नोंदलेले गुन्हे प्रसिद्ध करतं. ते आकडे बरे, पण तेही जपून वाचायचे. दर हजारी प्रमाण काढताना खाली फक्त रहिवाशांची संख्या धरतात. जिथे पर्यटक लोटतात तिथे चोऱ्या पर्यटकांच्याही मोजल्या जातात, भागाकार मात्र रहिवाशांनीच होतो. त्यामुळे पर्यटकांची शहरं असतात त्याहून कागदावर वाईट दिसतात.

आणि यूट्यूब. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ पुन्हा उघडा आणि दोनच गोष्टी शोधा, तारीख आणि जागेचं नाव. तीन वर्षांपूर्वीच्या एकाच रात्रीचं चित्रण वेगवेगळ्या आवाजांत दहा जणांनी चालवलेलं असतं. जागेचं नाव कळलं की नकाशावर तुमच्या हॉटेलपासून ते किती लांब आहे ते मोजा. तुमच्या मुलाने हे एकदा तुमच्या शेजारी बसून केलं, तर त्याची अर्धी काळजी तिथेच उतरेल असं मला वाटतं.

नीसचं बोलायचं तर, सुंदर शहर आहे, जरूर जा. पण 'सुरक्षित म्हणून नीस' हे कारण टिकत नाही. 14 जुलै 2016 ला नीसच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, सणाच्या गर्दीत ट्रक घालून 86 माणसं मारली गेली. मार्सेयच्या रेल्वे स्टेशनातही 1 ऑक्टोबर 2017 ला चाकूहल्ल्यात दोन तरुण मुली गेल्या. असल्या हल्ल्यांवरून शहर निवडता येत नाही, ते कुठेही होऊ शकतात. आणि टोळ्या म्हणाल तर नीसच्या पश्चिमेला ले मुलाँ नावाची वस्ती आहे, तिथेही आहेत. नीसची गोळी दूर कोपऱ्यातली वाटते आणि मार्सेयची गोळी सगळ्या शहराची वाटते, इतकाच फरक नावामुळे पडतो.

आता तुमच्या वाट्याला खरोखर काय येऊ शकतं ते बोलू. गोळी नव्हे, हात. गळ्यातली साखळी ओढणारा, फोन हिसकावणारा, पर्स उचलणारा हात.

गळ्यातल्याबद्दल मी का हसेन? माझ्या आईनेही हाच प्रश्न विचारला होता. मार्सेयमध्ये गळ्यातले हार ओढून पळणं हा जुना, नेहमीचा गुन्हा आहे. आपल्याकडे सोनसाखळी चोर मोटारसायकलवरून येतात, तिथे बहुतेक पायी किंवा स्कूटरवर असतात. फ्रान्समध्ये दागिन्यांना साधारण 18 कॅरेटचं सोनं वापरतात. आपलं 22 कॅरेटचं पिवळंधमक सोनं तिथल्या उन्हात लांबून ओळखू येतं. चोर वय पाहतो आणि ओढतो. सोनं जाण्यापेक्षा मला ओढण्याची भीती जास्त आहे. साखळी तुटली नाही तर माणूस पडतो, आणि 63 व्या वर्षी फरशीवर पडणं म्हणजे खुबा, मनगट, पुढचे सहा महिने. म्हणून तुमचं मंगळसूत्र सांगलीच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवूनच निघा. मुलाच्या घरी ठेवू म्हणाल तर तेही चालेल. हॉटेलच्या तिजोरीत नको. दोऱ्यात ओवलेली साध्या काळ्या मण्यांची पोत करून घ्या, सोन्याचा मणी एकही नको, आणि ती ओढली तर चटकन तुटेल अशी असू द्या. आईने हेच केलं. पहिल्या दिवशी तिचा हात सारखा गळ्याकडे जात होता. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, काळे मणी आहेत ना, मग आहे की सगळं. बांगड्याही काचेच्या. ह्यांच्या बोटातली अंगठी सैल असेल तर तीही घरी.

फोनचं माझ्या हातून झालं ते सांगते. जुन्या बंदराजवळच्या एका कॅफेत बाहेरच्या टेबलावर फोन ठेवून आम्ही नकाशा पाहत होतो. एक मुलगा आला, कसल्याशा सह्यांचा कागद टेबलावर पसरून काही विचारू लागला. तो गेला आणि कागदाखालचा फोन त्याच्याबरोबर गेला. मला कळलं तेव्हा तो कोपऱ्यापलीकडे होता. एवढं सोपं असतं ते. त्यात पिस्तूल नाही, आरडाओरडा नाही. तेव्हापासून टेबलावर फोन ठेवायचा नाही, मेट्रोत आणि ट्राममध्ये दाराजवळ उभं राहून फोन पाहायचा नाही, रस्ता शोधायचा तर दुकानात शिरून शोधायचा, हे माझे नेम आहेत. गाडी भाड्याने घेणार असाल तर मी नकोच म्हणेन. उभ्या गाडीतलं सामान काच फोडून नेणं तिथे सर्रास चालतं, आणि तुम्हाला गाडीची गरजही नाही.

आता राहायची जागा. माझा सगळ्यात मोठा हट्ट इथे आहे, कारण पर्यटकांचे हाल बहुतेक वेळा चुकीच्या खोलीपासून सुरू होतात. पहिल्या खेपेला मी 'स्टेशनपासून बारा मिनिटं' असं वाचून एक घर घेतलं होतं. फोटोत लाल कौलं, निळी खिडकी, भाडं निम्मं. रात्री अकराला गाडीतून उतरले आणि बॅग ओढत निघाले. ते घर स्टेशनच्या मागच्या अंगाला, बेल द मेच्या बाजूला होतं. तिसरा विभाग, फ्रान्समधल्या फार गरीब भागांपैकी एक. सगळी दुकानं बंद, दिवे थोडे, कोपऱ्याकोपऱ्यावर उभी पोरं. मला कोणी बोटही लावलं नाही. पण दार सापडेपर्यंत माझे हातपाय गार पडले होते, आणि पुढचे दोन दिवस मी संध्याकाळी सहाच्या आत घरात असायचे. शहर पाहायचं राहूनच गेलं. दुसऱ्या खेपेला मी जुन्या बंदराच्या दक्षिण काठाला राहिले आणि तेच शहर वेगळं भासलं. रात्री दहाला लोक आइस्क्रीम खात फिरत होते, मुलं कठड्यावर बसली होती.

तेव्हा तुम्ही जुन्या बंदराच्या म्हणजे व्ह्यू-पोरच्या दक्षिण बाजूला, सातव्या विभागात सँ व्हिक्तोर चर्चच्या आसपास, नाहीतर सहाव्या विभागात कास्तेलान चौकाकडे जागा पाहा. समुद्राजवळ शांत हवं असेल तर आठव्या विभागात प्रादो आणि बोरेली बाग. स्टेशनच्या पायथ्याशी बेल्झाँस आणि पोर्त देक्सचा भाग आहे, तिथली हॉटेलं स्वस्त असतात. दिवसा तिथून चालत जायला हरकत नाही, पण रात्री दोघांनी तिथे परतणं मला नको वाटतं. जागा नक्की करण्याआधी नकाशावर त्या रस्त्याची छायाचित्रं पाहा. तळमजल्याला उघडी दुकानं आहेत की उतरवलेली शटरं? मग पाहुण्यांचे अभिप्राय वाचा, पण तारांकनं सोडून द्या. 'रात्री परतताना' असे शब्द कोणी लिहिलेत का, ते शोधा. एकट्या बाईने लिहिलेले तीन अभिप्राय मला तीनशे तारांकनांपेक्षा मोलाचे वाटतात.

पॅरिसहून वेगवान रेल्वेने सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. सकाळची गाडी घ्या, म्हणजे दुपारी उजेडात पोहोचाल. स्टेशनचं नाव सँ शार्ल. बाहेर आल्यावर समोर भव्य जिना दिसेल, 104 पायऱ्यांचा, वरून सगळं शहर दिसतं. फोटो काढा, पण बॅगा घेऊन तो उतरू नका. स्टेशनखालीच मेट्रो आहे. पहिल्या मार्गिकेने दुसरं स्थानक व्ह्यू-पोर. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ टॅक्सी करा, पण रांगेतली.

जुन्या बंदरापासून वर जाणारा मोठा रस्ता म्हणजे ला कानबिएर. त्याच्या बाजूला नोआयचा बाजार. मसाले, ऑलिव्ह, पुदिना, खजूर, उत्तर आफ्रिकेच्या भाकऱ्या. सकाळी तिथे जाच, तुम्हाला सांगलीच्या बाजाराची आठवण येईल. मेट्रोच्या तोंडाशी काही माणसं 'मार्लबोरो, मार्लबोरो' असं पुटपुटत उभी असतात, चोरटी सिगारेट विकतात. बिचकू नका, मान हलवून पुढे व्हा. याच बाजारालगतच्या ऑबान्य रस्त्यावर 5 नोव्हेंबर 2018 ला दोन जुन्या इमारती कोसळल्या आणि 8 माणसं गेली. नंतर शहरभरच्या धोकादायक घरांतून हजारो लोकांना हलवावं लागलं. मुंबईत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मी तिथे गेले की क्षणभर थांबते.

एक साधी रीत पाळा. दुकानात, बसमध्ये, कोणालाही काही विचारण्याआधी 'बोंज्यूर' म्हणा. न म्हणता थेट प्रश्न केला तर तिथे तो उद्धटपणा समजतात, आणि मग माणसं तुटक वागतात. ते पाहून आपल्याला वाटतं की ही आपल्या रंगामुळे तुटक वागली. मार्सेयमध्ये अल्जीरिया, कोमोरो, आर्मेनिया, कुठकुठले लोक पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत. सावळा रंग तिथे कोणी वळून पाहावा असा नाही. माझ्या आईशी बसमध्ये एक कोमोरोची आजी अर्धा तास फ्रेंचमध्ये बोलत होती, आई मराठीत उत्तरं देत होती.

मला टोळ्यांपेक्षा तुमची जास्त काळजी कशाची वाटते ते सांगू? ऊन, वारा आणि खडक. शहराच्या दक्षिणेला कालांक आहेत, म्हणजे चुनखडीच्या उभ्या कड्यांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या खाड्या. 2012 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. फोटो पाहून ह्यांना चालत जावंसं वाटेल. वाटा निसरड्या, सावली नाही, वाटेत पिण्याचं पाणी नाही. शिवाय वणव्याच्या भीतीने 1 जून ते 30 सप्टेंबर तिथला प्रवेश रोजच्या धोक्यानुसार ठरतो. धोका रंगाने सांगतात. उद्याचा रंग आदल्या संध्याकाळी जाहीर होतो, लाल असेल तर प्रवेश बंद. ही भीती कागदावरची नव्हे. 8 जुलै 2025 ला शहराच्या वेशीवर असा वणवा पेटला की मार्सेयचा मारिन्यान इथला विमानतळ काही तास बंद ठेवावा लागला. तुम्ही जुन्या बंदरातून बोटीने कालांक पाहा, बसल्या जागी सगळं दिसतं. पण मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा सुटला तर बोटी रद्द होतात. म्हणून बोट पहिल्या दिवसासाठी ठेवा, रद्द झालीच तर पुढचे दिवस हाताशी राहतील. टेकडीवरच्या नोत्र दाम द ला गार्द चर्चलाही चढून जाऊ नका, जुन्या बंदरावरून 60 क्रमांकाची बस थेट दारात नेते. त्या चर्चच्या भिंतींवर 1944 च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा आहेत, ह्यांना दाखवा.

पासपोर्ट हॉटेलात ठेवा आणि रंगीत प्रत जवळ बाळगा. मूळ पासपोर्ट चोरीला गेलाच, तर आधी पोलिसांत लेखी तक्रार करून तिची प्रत घ्या. तिला तिथे 'प्लाँत' म्हणतात. विम्यालाही तीच लागते आणि वकिलातीलाही. पूर्वी पॅरिसच्या दूतावासाखेरीज फ्रान्सच्या मुख्य भूमीवर आपलं काही नव्हतं. 12 फेब्रुवारी 2025 ला मार्सेयमध्येच भारताच्या वाणिज्य दूतावासाचं उद्घाटन झालं, त्यामुळे आता तुमच्यासारख्यांची मोठी सोय झाली आहे. पत्ता आणि कामाचे वार निघण्याआधी लिहून घ्या. संकटाचा क्रमांक 112, फोन कोणताही असो. शेंगेनच्या व्हिसासाठी निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, त्याचा कागद पर्समध्ये ठेवा आणि त्यातला फोन क्रमांक ह्यांच्या फोनमध्येही घाला. दोघांचे फोन आणि दोघांची कार्डं एकाच पिशवीत मात्र कधीही नको.

आता ज्यासाठी जाताय त्याबद्दल. 8 जुलै 1910 ला सकाळी 'मोरिया' बोटीच्या खिडकीतून सावरकर समुद्रात उतरले तेव्हा ते 27 वर्षांचे होते. पोहून फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले, पण तिथल्या पोलिसाने पकडून त्यांना पुन्हा बोटीवर दिलं. त्यावरून हेगच्या लवादापुढे खटला उभा राहिला आणि 24 फेब्रुवारी 1911 ला निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. हे ह्यांना पाठच असेल. पण पर्यटक हमखास एक चूक करतात, जुन्या बंदराच्या काठावर उभे राहून 'हीच ती जागा' म्हणून फोटो काढतात. जुनं बंदर लहान आहे. मोठ्या आगबोटी त्या काळी तिथे नव्हे, तर त्याच्या उत्तरेला ला जोलिएत आणि त्यापुढच्या धक्क्यांना लागत. ते धक्के आजही चालू आहेत, कॉर्सिका आणि अल्जीरियाच्या बोटी तिथून सुटतात, आणि बराचसा भाग कुंपणाआड आहे. नेमकी जागा शोधायची म्हणून कुंपणाकडेने उत्तरेकडे चालत सुटू नका. तो रस्ता ट्रकांचा आहे, पुढे पुढे निर्जन होतो, आणि संध्याकाळी दोघांनी तिथे असावं असं मला वाटत नाही.

मधल्या एखाद्या दिवशी टॅक्सी करून माझार्गच्या युद्ध स्मशानभूमीत जा, नवव्या विभागात आहे. पहिल्या महायुद्धात, 26 सप्टेंबर 1914 ला, भारतीय फौजांची पहिली तुकडी याच शहरात उतरली आणि बोरेलीच्या बागेत त्यांचे तंबू पडले. त्या फौजेतल्या लाहोर डिव्हिजनमध्ये खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्या होत्या, पुढे ऑक्टोबरअखेरीस उत्तर फ्रान्समधल्या नव्ह शापेलला त्या लढल्या. माझार्गमध्ये आपल्या सैनिकांचं स्मारक आहे, कबरींच्या रांगा आहेत, आणि शेजारी पाइनची झाडं. तिथे गर्दी नसते. सकाळी दहाला गेलात तर बहुधा तुम्ही दोघंच असाल.

बंदरासाठी मात्र शेवटची संध्याकाळ राखून ठेवा. साडेसहाला निघा. फोर सँ झाँ किल्ल्याच्या बागेत फुकट जाता येतं, तिथून पुलावरून म्यूसेम संग्रहालयाच्या मोकळ्या फरसबंद पटांगणात उतरा. बसायला जागा असते, कुटुंबं असतात, गळ टाकून बसलेले म्हातारे असतात. तिथून उत्तरेला तोंड केलंत की ला माजोर कॅथेड्रलच्या खाली ला जोलिएतचे धक्के आणि पांढऱ्या बोटी दिसतील. सप्टेंबरच्या मध्याला सूर्य पावणेआठच्या सुमाराला मावळतो. ह्यांना तिथे बसू द्या, घाई करू नका. अंधार पडायला लागला की किल्ल्याच्या पायथ्याने जुन्या बंदराकडे परता, तो रस्ता दिव्यांचा आणि माणसांचा आहे. आणि तिथून मुलाला एक फोन करा.